ग्राहक उपलब्ध नाही

नोकरीची शेवटची वर्षं मी ज्या टेबलावर काढली, त्या टेबलावर ‘अपील अधिकारी’ अशी पितळी पाटी होती. नातेवाइकांना वाटायचं, मी न्यायाधीशाच्या खालोखाल कोणीतरी झाले. माझ्या सासूबाई तर शेजारणींना सांगायच्या, “आमची सून आता निकाल देते.” पाटी खोटी नव्हती. फक्त ज्या कंपनीविरुद्धची गाऱ्हाणी मी ऐकत होते, त्याच कंपनीकडून माझा पगार येत होता, एवढं तिच्यावर लिहायचं राहून गेलं होतं.

हे मी गंमत म्हणून सांगत नाही, रीतच तशी आहे. घरचं इंटरनेट बंद पडलं की तुम्ही कंपनीकडे तक्रार करायची. कंपनीने दाद दिली नाही तर अपील करायचं, आणि तेही कंपनीकडेच. दिल्लीला मोठं नियामक मंडळ आहे. ते नियम करतं, कंपन्यांकडून दर तिमाहीला अहवाल मागवतं. पण तुमचं-माझं एकेकाचं गाऱ्हाणं ते ऐकत नाही. म्हणजे सुनेने सासूविरुद्ध तक्रार करायची ती सासूकडे, आणि सासूने दाद दिली नाही तर अपील करायचं मोठ्या सासूकडे. माझ्या सासूबाई तशा बऱ्या होत्या, म्हणून हे उदाहरण घरात कुणाला लागणार नाही.

संपादकांनी मला ‘नोकरीतल्या मजेशीर ग्राहकांवर’ लिहायला सांगितलं होतं. मजेशीर ग्राहक होते की. उल्हासनगरात जीन्स शिवण्याचा कारखाना चालवणारे एक शेठ होते. कामगार हात लावतात म्हणून त्यांनी राउटर लोखंडी तिजोरीत ठेवला, दार लावलं, आणि आम्हाला फोन केला की रेंज येत नाही. अंबरनाथ एमआयडीसीतले एक सुपरवायझर रोज तक्रार करायचे की संध्याकाळी नेट मंदावतं. आमच्या माणसाने जाऊन पाहिलं तर अख्खा मजला त्यांचाच पासवर्ड वापरत होता, आणि तो त्यांच्या सौभाग्यवतींनीच हळदीकुंकवाला वाटला होता. असल्या गोष्टी मी तासभर सांगू शकते. पण लिहायला बसले की मला एकच ग्राहक आठवते आणि डोकं तापतं. तेव्हा संपादकांनी माफ करावं.

आधी आमच्या कामातली एक रीत समजून घ्या, कारण सगळं तिच्यावरच आहे. तक्रार आली की लाइनमन जातो, दुरुस्ती करतो आणि आपल्या मोबाइलवर ‘झालं’ असं बटण दाबतो. कधीकधी न जाताही दाबतो. म्हणून खातरजमा करायला ऑफिसातून ग्राहकाला फोन जातो. याला आम्ही क्लोजिंग कॉल म्हणायचो. “तुमचं नेट सुरू झालं का?” हो म्हटलं की तक्रार बंद. नाही म्हटलं की ती उघडी राहते. आणि दोन-तीनदा करूनही फोन उचललाच नाही, तर ‘ग्राहक उपलब्ध नाही’ असा शेरा मारून तक्रार बंद. अशी बंद झालेली तक्रार अहवालात ‘वेळेत निकाली’ म्हणून मोजतात.

आता गंमत बघा. इंटरनेटच्याच तारेवर कंपनी एक घरगुती फोनही द्यायची, फुकट. बदलापूरला नवे टॉवर उभे राहिलेत, त्यांतल्या कित्येक घरांत मोबाइलला धड रेंज नसते. ते लोक तक्रारीसाठी बिचारे तोच नंबर देतात. नेट गेलं की तोही फोन मुका होतो, कारण तार एकच. आणि आमच्या ऑफिसातल्या मुली त्या मेलेल्या फोनवर फोन करून विचारायच्या, तुमचा फोन जिवंत झाला का? कोण उचलणार? ग्राहक उपलब्ध नाही. तक्रार बंद, कंपनी पास.

हे माझ्या लक्षात आलं ते अर्चनामुळे.

आमचं ऑफिस उल्हासनगरात एका फर्निचरच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर होतं. लिफ्ट नव्हती. एका सकाळी वॉचमन वर आला आणि म्हणाला, “मॅडम, खाली रिक्षात एक ताई बसल्यात. वर चढता येत नाही, पण अपीलवाल्या मॅडमना भेटल्याशिवाय जाणार नाही म्हणतात.” मी खाली उतरले. रिक्षात तिशीतली एक मुलगी, एका पायाला कॅलिपर, शेजारी काठी. वडील बाहेर उभे होते. एमआयडीसीतून रिटायर झालेले, आता दम्याने त्रासलेले.

“मॅडम, अपील तुमच्याकडेच करायचं ना?”

“हो. पण ते अ‍ॅपवरून करता येतं की. एवढ्या लांब बदलापूरहून कशाला आलात?”

“अ‍ॅपला नेट लागतं, मॅडम,” ती म्हणाली. “नेटच तर नाहीये.”

मी जीभ चावली. ती मात्र चिडली नव्हती. आवाज इतका स्वच्छ आणि गोड होता की मी विचारलं, “तुम्ही फोनवर काम करता का?”

“कसं ओळखलंत?”

“मी पण ऑपरेटर होते. सरकारी टेलिफोन खात्यात, बोर्डावर. कानाला हेडफोन लावून ‘लाइन धरून ठेवा’ म्हणण्यात तरुणपण गेलं माझं.”

तेवढ्यावर आमचं जमलं. अर्चनाला लहानपणी पोलिओ झालेला. बी.कॉम. झाली, पण बदलापूरहून रोज मुंबई गाठणं तिच्या पायांना झेपणारं नव्हतं. मग एका विमा कंपनीच्या हेल्पलाइनचं काम तिला घरी मिळालं. हेडफोन लावायचा, लॉगइन करायचं आणि महाराष्ट्रभरातल्या लोकांचे प्रश्न सोडवायचे. कुणाचा नवरा गेलेला, कुणाची गाडी ठोकलेली. ती म्हणाली, “मॅडम, लोक नोकरीला बाहेर पडतात. माझं बाहेर पडणं म्हणजे हीच नोकरी. हेडफोन लावला की मी कधी नांदेडला असते, कधी सांगलीला.”

आमच्या कंपनीचं नेट सारखं जात होतं, त्यामुळे ती सारखी लॉगआउट होत होती. तिच्या सुपरवायझरने बजावलं होतं की आणखी असं झालं तर काम दुसऱ्याला देऊ.

“किती तक्रारी केल्यात?”

“सोडलंच आहे मोजायचं. प्रत्येक वेळी गच्चीत जाऊन मोबाइलवरून करते, म्हणजे बाबा करतात. आणि संध्याकाळी मेसेज येतो, तक्रार निकाली. तुमचा फोन मला एकदाही आला नाही, मॅडम.”

मी वर जाऊन तिच्या तक्रारी काढल्या. सगळ्यांवर एकच शेरा. नंबर घरच्या फोनचा.

“कंपनी बदला ना,” मी खाली येऊन म्हटलं. “बाजारात इतक्या कंपन्या आहेत.”

ती पहिल्यांदा हसली. “आमच्या बिल्डिंगमध्ये तुमचीच आहे.”

दुसऱ्या दिवशी लाइनमनला घेऊन मी स्वतः बदलापूर पूर्वेला तिच्या टॉवरवर गेले. अपील अधिकाऱ्याने असं जायचं नसतं, पण मला राहवलं नाही. बिघाड साधा होता. आताची तार तांब्याची नसते. काचेचा केसासारखा बारीक तंतू असतो, त्यातून प्रकाश जातो. तो फार वाकवला की प्रकाश निसटतो आणि नेट अडखळतं. कुणीतरी तो दाराच्या चौकटीत चिमटून ठेवला होता. लाइनमनने नवा तुकडा जोडून नीट गोल फिरवून लावला आणि नेट सुरू झालं. इतकंच होतं. एवढ्यासाठी ती मुलगी कॅलिपर घालून उल्हासनगरला आली होती.

खाली उतरल्यावर मी बिल्डिंगच्या मॅनेजरला विचारलं, इथे दुसऱ्या कंपनीची तार का नाही? तो माझ्याकडे बघतच राहिला.

“मॅडम, बिल्डरसाहेबांचं तुमच्याच कंपनीशी टायअप आहे. शाफ्टची चावी दुसऱ्या कुणाला द्यायची नाही. तुमच्याच लोकांनी सांगितलंय आणि तुम्हीच विचारता?”

शाफ्ट म्हणजे सगळ्या मजल्यांतून तारा नेण्याची उभी पोकळी. तिला कुलूप. कोणतीही इमारत एकाच कंपनीला बांधून देता येत नाही, असा दिल्लीचा नियम आहे. मला तो तोंडपाठ होता. पण नियमाला हात नसतात, आणि कुलपाची चावी बिल्डरकडे होती.

गेटवर गोपभाई उभे होते. हे उल्हासनगर कॅम्प चारचे सिंधी गृहस्थ, आधी केबल टीव्ही चालवायचे, मग इंटरनेटमध्ये उतरले. खरं म्हणजे ते आमचे प्रतिस्पर्धी. मला बघून हात जोडले.

“अदी, तुम्ही इधर?” सिंधीत मोठ्या बहिणीला अदी म्हणतात, आणि ते सगळ्यांनाच म्हणायचे. “देखो, माझा तार या गेटपर्यंत आलाय. आगे चाबी किसकी जेब में है, आपको मालूम.”

“तक्रार करा ना, गोपभाई.”

“केली ना. दिल्लीला लिहिला. ते बोलले, बिल्डर हमारे अंडर नहीं आता. पोलीस स्टेशनला गेलो. साहेब बोलला, हे दिल्लीचं मॅटर आहे. मैं बीच में लटका हूँ, अदी, माझ्या तारेसारखा.”

पेपरात रोज पानभर जाहिराती असतात, याचा वेग जास्त, त्याचा दर कमी. टीव्हीवर तज्ज्ञ सांगतात की स्पर्धेमुळे ग्राहक राजा झाला. त्यांना एकदा या गेटवर आणून उभं करावं असं मला फार वाटलं. बाहेर बाजारभर कंपन्या आणि आत एक कुलूप.

ऑफिसात येऊन मी अर्चनाच्या अपिलाचा निकाल लिहिला. चांगला कडक लिहिला. तिच्या तक्रारी चुकीने बंद केल्या आहेत, त्या निकाली धरू नयेत, आणि घरच्या फोनवर क्लोजिंग कॉल करून बंद केलेल्या सगळ्यांच्याच तक्रारी पुन्हा उघडाव्यात. शाखाप्रमुख राणेसाहेबांनी तो वाचला आणि दार लावून घेतलं.

“मॅडम, तिमाहीचा रिपोर्ट दिल्लीला गेला. त्यात आपण पास आहोत. हे रीओपन केलं तर आपण नापास.”

“पण आपण नापासच आहोत ना, सर?”

“ते तुम्हाला-मला माहीत आहे. दिल्लीला नाही. कशाला सांगायचं?” मग जरा नरमाईने म्हणाले, “त्या मुलीचं नेट चालू झालं ना? झालं तर. तिचा निकाल द्या. बाकीचं खोडा.”

मी खोडलं नाही. मग तो निकाल ‘विचाराधीन’ म्हणून वरच्या ऑफिसला गेला आणि तिथेच राहिला. अपील अधिकाऱ्याचा निकाल विचाराधीन ठेवायचा, हेसुद्धा कंपनीच्याच हातात होतं.

मी अर्चनाला म्हटलं, तू दिल्लीला लिही. तिने व्यवस्थित लिहिलं. मेलेल्या फोनवरचे कॉल, बंद शाफ्ट, सगळं, आणि वडिलांनी रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलं. उत्तराची वाट मीही तिच्याइतकीच पाहत होते. काही आठवड्यांनी ते पत्र आलं, पण तिच्याकडे नाही. नियामकांनी ते ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ कंपनीकडे धाडलं. कंपनीच्या मोठ्या ऑफिसातून ते विभागीय ऑफिसात आलं, तिथून उल्हासनगरात, आणि शिपायाने आणून ते माझ्या पितळी पाटीसमोर ठेवलं. माझ्या निकालावर कुणी काही करत नाही, अशी तक्रार माझ्याकडेच निकालासाठी आली होती. आजूबाजूचे सगळे खो-खो हसले. मला हसू आलं नाही.

त्याच सुमारास अर्चनाच्या रस्त्याचं गटार खणताना जेसीबीने तार तोडली. अख्खा टॉवर बंद. आमचे लोक म्हणत होते पालिकेने सांगायला हवं होतं, पालिका म्हणत होती कंपनीने तार खोल पुरायला हवी होती. या भांडणात दिवस गेले. शेवटी एका दुपारी अर्चनाचा फोन आला. गच्चीवरून केला होता, वाऱ्याचा आवाज येत होता. चौथ्या मजल्यावरून गच्चीत ती लिफ्टने गेली असणार, पण शेवटचा जिना तिला चढावा लागला होता.

“गेलं मॅडम काम.”

मी म्हटलं, “मी बोलू का त्यांच्याशी? मी कंपनीतर्फे सांगते की चूक आमची होती.”

“ते म्हणतात, नेट ही तुमची जबाबदारी.” मग म्हणाली, “एका आजींची केस अर्धी राहिली माझी. त्यांना वाटत असेल मी मध्येच फोन ठेवला.”

माणूस नोकरी गेल्याचं सांगताना असं काही बोलतो तेव्हा काय करावं? मी टेबलावरची पाटी उचलून खणात टाकली. राणेसाहेबांनी दुसऱ्या दिवशी ती काढून परत ठेवायला लावली, कारण ती दिसली पाहिजे असाही नियम आहे.

पुढे बिल्डरने सोसायटी रहिवाशांच्या हवाली केली आणि पहिल्याच सभेत बायकांनी चावी मागून घेतली. शाफ्ट उघडला. गोपभाईंची तार वर गेली. बिघाड झाला की स्वतः स्कूटरवरून यायचे आणि चहा घेतल्याशिवाय जायचे नाहीत. मला वाटलं, चला, उशिरा का होईना, स्पर्धा म्हणतात ती हीच. पण आमच्या कंपनीने त्या भागात महिनेच्या महिने फुकट देऊ केलं. मोठ्यांना परवडतं ते. गोपभाई एकदा ऑफिसखाली भेटले. म्हणाले, “अदी, वो फुकट देते हैं. मी फुकटपेक्षा कमी काय देऊ?” आणि त्यांनी धंदा विकला. कुणाला? आम्हालाच. त्यांच्या तारेवर आमचं नाव लागलं आणि फुकट संपलं. दिल्लीने यावर काही म्हटल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

मी निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी ती पाटी मला भेट म्हणून देऊ केली, मी घेतली नाही. त्याआधी एक काम केलं होतं. आमच्या कंपनीचे कॉल एका एजन्सीकडे गेले होते आणि तिला घरून काम करणाऱ्या मराठी मुली हव्या होत्या. मी अर्चनाचं नाव दिलं. तिला काम मिळालं. तिने पेढे घेऊन वडिलांना माझ्या अंबरनाथच्या घरी पाठवलं. तेव्हापासून मी तिच्यासाठी मॅडमची मावशी झाले. कोणतं काम मिळालं, ते मात्र मी विचारलं नव्हतं.

यंदा गणपतीच्या आधी आमच्या अंबरनाथ पश्चिमेला गॅसच्या पाइपसाठी रस्ता खणला आणि माझं नेट गेलं. मी तक्रार केली. शहाणी झाले असल्याने नंबर मोबाइलचा दिला. लाइनमन काही फिरकला नाही. तिसऱ्या प्रहरी फोन वाजला.

“नमस्कार, मी अर्चना बोलतेय. तुमची इंटरनेट सेवा सुरू झाली आहे का?”

तोच स्वच्छ, गोड आवाज. मी म्हटलं, “अर्चना, अगं मी मावशी.”

“मावशी!” तिचा आवाज एकदम घरचा झाला. “तुमचा नंबर स्क्रीनवर दिसत नाही ना आम्हाला. बरं, सुरू झालं का?”

“नाही ग. कुणी आलंच नाही.”

ती म्हणाली, “ठीक आहे, मी ‘सेवा बंद’ दाबते.”

त्या ‘ठीक आहे’मध्ये काहीतरी होतं. ऑपरेटरच्या कानाला असलं लगेच कळतं. मी विचारलं, “ते दाबलं की काय होतं?”

“काही नाही, मावशी.”

“अर्चना.”

“‘सेवा बंद’ दाबलं की तो कॉल आमच्या नावावर नापास धरतात. नापास जास्त झाले की काम कमी करतात. मला एक वॉर्निंग आलीय. पण ते राहू दे. तुमचं खरं आहे ना, मी खरं तेच दाबणार.”

“आणि मी फोन उचललाच नसता तर?”

“तर ‘ग्राहक उपलब्ध नाही’. ते नापासमध्ये धरत नाहीत.”

मी खुर्चीवर बसले. ज्या शेऱ्यासाठी मी राणेसाहेबांशी भांडले, दिल्लीला पत्र लिहायला लावलं, पाटी खणात टाकली, तो शेरा आता त्या मुलीच्या बोटाखाली होता. दुसरं बटण दाबलं तर तिचं नांदेड आणि सांगली पुन्हा बंद.

“मग लिही,” मी म्हटलं. “मी उपलब्ध नाही.”

“असं कसं लिहू? तुम्ही बोलताय ना माझ्याशी!”

“बोलतेय ना? तुला ऐकू येतंय ना? मग झालं. लिही.”

“मावशी, तुम्ही त्या दिवशी दोन जिने उतरून खाली आला होतात.”

“लिही बाळा. माझं काही अडत नाही. तुझं अडेल.”

मी फोन ठेवला नाही. पलीकडून बोट टेकल्याचा एक छोटासा आवाज आला, आणि तिने नेहमीच्या गोड आवाजात, पण फार हळू, म्हटलं, “धन्यवाद.”

लगेच मेसेज आला, की आपल्या तक्रारीचं निराकरण झालं आहे.

हा लेख मी हाताने लिहिला आणि रिक्षा करून संपादकांच्या घरी नेऊन दिला, कारण माझ्या घरचं नेट अजून बंद आहे. दिल्लीच्या कागदावर ते सुरू आहे, आणि मी घरी नाही.